काचेपर्यंत

खोक्यातून निघालं तेव्हा वाटलं, लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा.
पुण्याहून आलेला मुलगा दोन तास बोलला,
आम्ही जांभया गिळल्या.
म्हणाला, हा उजेड बघत नाही, ऊब बघतो.
मागून सुपडू भामरे म्हणाले,
"मंग थंडीमा काय दखाई त्याले?"
मुलगा हसला. वायरी गुंडाळताना, जाता जाता सांगितलं,
काचेतून मात्र याला दिसत नाही.
काच चढवलेली असली की हा आंधळा.

चोरवड नाका, जानेवारी, पारा आठवर.
मागे रावेर, पुढे बऱ्हाणपूर,
मध्ये आम्ही चौघं, दोन बॅरिकेड
आणि तेलाच्या डब्यात पेटवलेली केळीची वाळकी पानं.
ट्रक येतात पडद्यावर,
दिवसभराचं ऊन पोटात घेऊन,
ताडपत्रीखाली फिक्कट नारंगी, चाकं पांढरीफेक.
इस्माईल तडवी रंगावरून सांगतो,
"हा सावद्याचा. भरदुपारी भरलाय."
मे महिन्यात काय करील हे यंत्र, कुणास ठाऊक.
सेहेचाळीस अंशात डांबर माणसाहून तापतं,
तेव्हा पडद्यावर आम्हीच तेवढे गार दिसू.

सुपडूकाकांची ड्यूटी आता खुर्चीची.
त्या रात्री गाडी दिवे विझवून उभी होती,
इंजिन चालू.
एका हातात टॉर्च, दुसरा हात वर,
आणि शेवटचं दिसलं ते
बंपरला बांधलेलं लिंबू, सुकलेलं.
ते चहाला उठले की पडद्यावरून जातात:
डोकं पिवळं, छाती लाल,
डाव्या गुडघ्याखाली निळं.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सगळे गप्प झालो.
ते वाकून बघत राहिले, मग म्हणाले,
"थंडा शे. पन मन्हा शे."

आज अडीच वाजता वॉकीटॉकी खरखरली.
"वैजंता, थांब. निंबना झाडखाले गाडी शे.
लाइट बंद. इंजिन पांढरं.
समोर जाऊ नको, बाजूले सरक."
मला तर तिथे नुसता काळोख दिसत होता,
झाडसुद्धा नव्हतं.
मी सरकले. इस्माईल पलीकडून गेला.
पायाखाली केळीची साल आली,
एवढ्या भीतीतही त्याचं हसू आलं.

पंधरा पावलं. दहा.
इथवर काका सोबत होते कानात,
"बोनेट लाल शे, मांगे कोनी नही बाहेर..."
आणि मग काच.
काका थांबले.
इथून पुढे प्रत्येकाला आपापल्या बोटांनी ठोकावं लागतं.

काच उतरली.
आत बावीसएक वर्षांचा पोरगा, मफलर कानाला,
मांडीवर पाकीट उघडं.
लायसन्स संपलेलं, इन्शुरन्स संपलेला,
दिवे विझवून तो नाक्यासाठी
पाचशेची नोट वेगळी काढत होता.
हात माझ्याहून जास्त थरथरत होता त्याचा.
आमच्याकडे निदान यंत्र होतं.
त्याच्याकडे काय होतं,
या अंधारातून येणारा पोलिस कसला आहे
हे लांबून सांगणारं?

नोट खिशात घाल म्हटलं.
इस्माईलने पावती फाडली, आकडा नियमाचा,
त्याने ती दोनदा वाचली, विश्वास बसेना.
गाडी निघाली तेव्हा मी मागच्या पत्र्यावर थाप दिली,
म्हशीला देतात तशी.

परत आले तर काका पडद्याला नाक लावून.
"तुना पंजा," म्हणाले.
पाचही बोटं, पिवळसर,
रावेरच्या दिशेने निघालेली,
आधी करंगळी विझली,
तळवा बराच वेळ टिकला वळणापर्यंत.

मग ते चहाला उठले.